काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजू: कर्ण कोणता, समोरची कोणती, लगतची कोणती?

मोबाईलच्या बॉक्सवर ‘६.५ इंच डिस्प्ले’ असं लिहिलेलं असतं. पट्टी घेऊन स्क्रीनची उंची मोजा, ६.५ भरत नाही. रुंदी मोजा, ती तर त्याच्या निम्मीही नसते. मग कंपनी खोटं बोलते का? नाही. ते ६.५ इंच एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजलेले असतात. म्हणजे बॉक्सवर छापलेला आकडा हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण आहे. उरलेल्या दोन बाजू तुम्हीच काढायच्या असतात.

शाळेत नववी-दहावीत हे सगळं आपण शिकलेलो असतो, पण ‘पाया, उंची, कर्ण’ एवढंच लक्षात राहतं आणि आकृती जरा फिरवली की गोंधळ सुरू होतो. या लेखात तिन्ही बाजू ओळखायच्या कशा, त्यांचं एकमेकींशी नातं काय आणि मोबाईलमध्ये हे गणित कुठे कुठे चालतं, ते एकदा नीट बघू.

काटकोन त्रिकोण म्हणजे काय?

ज्या त्रिकोणाचा एक कोन बरोबर ९० अंशांचा असतो, तो काटकोन त्रिकोण. आकृतीत त्या कोपऱ्यात छोटा चौकोन काढलेला असतो. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते. त्यातले ९० एका कोनानेच घेतले, त्यामुळे उरलेल्या दोघांत मिळून ९० वाटले जातात. म्हणजे उरलेले दोन्ही कोन ९० पेक्षा लहानच असणार. एक ३० असेल तर दुसरा ६०, एक ४५ असेल तर दुसराही ४५.

कंपास पेटीतले दोन गुण्ये आठवा. दोन्ही काटकोन त्रिकोणच आहेत. एक ३०-६०-९० चा, दुसरा ४५-४५-९० चा.

पहिली बाजू: कर्ण

काटकोनाच्या बरोबर समोर जी बाजू असते, ती कर्ण. ओळखायची सोपी पद्धत अशी: ९० अंशांच्या कोपऱ्यावर बोट ठेवा. त्या कोपऱ्याला जी बाजू शिवत नाही, तोच कर्ण.

कर्ण ही नेहमी सगळ्यात लांब बाजू असते. याचं कारण म्हणजे त्रिकोणात मोठ्या कोनासमोर मोठी बाजू असते, आणि इथे ९० हाच सगळ्यात मोठा कोन आहे. त्यामुळे तुमच्या उत्तरात एखादी बाजू कर्णापेक्षा लांब आली, तर गणित कुठेतरी चुकलंय हे तिथेच समजायचं.

मराठीत एक सोय आहे. चौकोनाचे समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या रेषेलाही आपण कर्णच म्हणतो. आयताचा कर्ण काढला की त्याचे दोन सारखे काटकोन त्रिकोण होतात आणि आयताचा कर्ण हाच त्या दोन्ही त्रिकोणांचा कर्ण असतो. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, आपल्याकडे एकाच शब्दात काम होतं. मोबाईलची स्क्रीन म्हणजे आयत आणि ६.५ इंच म्हणजे त्याचा कर्ण.

उरलेल्या दोन बाजू: समोरची आणि लगतची

खरा गोंधळ इथे होतो. आडवी बाजू म्हणजे पाया आणि उभी म्हणजे उंची, ही नावं आकृती सरळ काढली असेल तोपर्यंतच चालतात. त्रिकोण तिरका ठेवला तर पाया कुठला म्हणणार? म्हणून त्रिकोणमितीत नावं कोनावरून ठरतात.

आधी एक लघुकोन निवडायचा (काटकोन नाही, उरलेल्या दोघांपैकी एक). मग:

समोरची बाजू: निवडलेल्या कोनाला न शिवणारी.
लगतची बाजू: निवडलेल्या कोनाला शिवणारी, पण कर्ण नसलेली.

उदाहरण घेऊ. त्रिकोण अबक, काटकोन ब पाशी. अब = ३, बक = ४ आणि अक = ५ सेंमी. कर्ण अक, कारण तो ब ला शिवत नाही.

कोन क वरून पाहिलं, तर समोरची बाजू अब (३) आणि लगतची बक (४).
कोन अ वरून पाहिलं, तर समोरची बाजू बक (४) आणि लगतची अब (३).

बाजू त्याच, पण नावांची अदलाबदल झाली. कर्ण मात्र दोन्ही वेळा कर्णच राहिला. म्हणून कोणीही ‘समोरची बाजू कोणती?’ असं विचारलं की आपला पहिला प्रश्न असला पाहिजे: ‘कोणत्या कोनाच्या समोरची?’

तिघींचं नातं: पायथागोरसचं प्रमेय

काटकोन करणाऱ्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज ही कर्णाच्या वर्गाएवढी असते.

३² + ४² = ९ + १६ = २५ = ५²

हे पाठ करण्यापेक्षा एकदा पटवून घेतलेलं बरं. कागदाचे ३ आणि ४ सेंमी बाजूंचे चार सारखे काटकोन त्रिकोण कापा. आता ७ सेंमी बाजूचा एक चौरस काढा (३ + ४ = ७) आणि त्याच्या चार कोपऱ्यांत हे चार त्रिकोण असे ठेवा की चौरसाच्या प्रत्येक बाजूवर एक ३ ची आणि एक ४ ची बाजू येईल. मध्ये एक तिरका चौरस रिकामा राहतो आणि त्याची प्रत्येक बाजू म्हणजे त्रिकोणाचा कर्ण.

मोठ्या चौरसाचं क्षेत्रफळ ७ × ७ = ४९. एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ ३ × ४ ÷ २ = ६, चारांचं २४. मधला चौरस उरला ४९ − २४ = २५ चा. म्हणजे कर्ण ५. कोणत्याही मापाचे त्रिकोण घेतले तरी हीच युक्ती चालते.

प्रमेयाला नाव ग्रीक पायथागोरसचं असलं तरी ही गोष्ट फार जुनी आहे. आपल्याकडे यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या बौधायनाच्या शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाबद्दल हाच नियम दिलेला आहे. शुल्ब म्हणजे दोरी. आणि त्याच्याही आधी, सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या एका बॅबिलोनियन मातीच्या पाटीवर अशा त्रिकोणांचे आकडे कोरलेले सापडले आहेत. ‘प्लिम्प्टन ३२२’ या नावाची ती पाटी आज न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आहे.

बेरीज कधी, वजाबाकी कधी?

कर्ण काढायचा असेल तर वर्गांची बेरीज करून वर्गमूळ. कर्ण दिलेला असेल आणि दुसरी बाजू काढायची असेल तर कर्णाच्या वर्गातून वजाबाकी करून वर्गमूळ.

समजा, ५ मीटरची शिडी भिंतीला टेकवली आणि तिचा पाय भिंतीपासून १.४ मीटरवर आहे. शिडी तिरकी आहे, म्हणजे ती कर्ण. भिंतीवर ती किती उंच पोचते?

५² − १.४² = २५ − १.९६ = २३.०४, त्याचं वर्गमूळ ४.८ मीटर.

इथे घाईत बेरीज केली तर ५.१९ मीटर येतं. ५ मीटरची तिरकी शिडी ५ मीटरपेक्षा उंच कशी पोचेल? म्हणूनच ‘कर्ण सगळ्यात लांब’ ही तपासणी दर वेळी करायची.

आणखी एक नेहमीचा सापळा. गणितात ३ आणि ४ दिसले की हात आपोआप ५ लिहितो. पण ४ हाच कर्ण असेल तर? मग तिसरी बाजू १६ − ९ = ७ चं वर्गमूळ, म्हणजे साधारण २.६५. आकडे पाहायच्या आधी काटकोन कुठे आहे ते पाहा.

आता मोबाईलकडे वळू

स्क्रीनचा आकार दोन आकड्यांनी ठरतो: कर्ण आणि उंची-रुंदीचं गुणोत्तर. जुन्या फोनचं गुणोत्तर १६:९ असायचं, आता २०:९ च्या आसपासचे उंच आणि अरुंद फोन जास्त दिसतात. कर्ण सारखा असला तरी गुणोत्तर बदललं की बाकीच्या दोन बाजू बदलतात.

६.५ इंच, १६:९ घेऊ. १६² + ९² = ३३७, वर्गमूळ १८.३६. म्हणजे कर्णाचे १८.३६ भाग केले तर त्यातले १६ लांब बाजूला आणि ९ आखूड बाजूला. एक भाग ६.५ ÷ १८.३६ = ०.३५४ इंच. उंची साधारण ५.६७ इंच, रुंदी ३.१९ इंच, क्षेत्रफळ सुमारे १८ चौरस इंच.

आता ६.५ इंच, २०:९. २०² + ९² = ४८१, वर्गमूळ २१.९३. उंची ५.९३ इंच, रुंदी २.६७ इंच, क्षेत्रफळ सुमारे १५.८ चौरस इंच.

दोन्ही ‘६.५ इंच’, पण दुसऱ्या स्क्रीनची जागा १२ टक्क्यांनी कमी. अगदी ६.७ इंचाचा २०:९ फोन घेतला तरी त्याची स्क्रीन सुमारे १६.८ चौरस इंचांची, म्हणजे ६.५ इंचाच्या १६:९ पेक्षा लहानच. त्यामुळे फोन बदलताना नुसते इंच बघून ‘मोठी स्क्रीन मिळाली’ असं ठरवू नका. अरुंद फोन हातात छान बसतो, हा त्याचा फायदा आहेच. पण तो वेगळा मुद्दा.

झटपट हिशोबासाठी हे तीन नियम सेव्ह करून ठेवा:

४:३ स्क्रीन: लांब बाजू = कर्ण × ०.८०, आखूड बाजू = कर्ण × ०.६०
१६:९ स्क्रीन: लांब बाजू = कर्ण × ०.८७, आखूड बाजू = कर्ण × ०.४९
२०:९ स्क्रीन: लांब बाजू = कर्ण × ०.९१, आखूड बाजू = कर्ण × ०.४१

पहिल्या ओळीत आपला ३-४-५ च लपलेला आहे. ४:३ चा १० इंची टॅब म्हणजे बरोबर ८ × ६ इंच.

घरच्या टीव्हीलाही हेच लागू. ४३ इंची टीव्हीची रुंदी ४३ × ०.८७, म्हणजे साधारण ३७.५ इंच आणि उंची २१ इंच. कपाटातल्या टीव्हीच्या जागेची रुंदी ४० इंच असेल तर ४३ चा टीव्ही बसू शकतो, फक्त कडेची फ्रेम आणि वायरींसाठी जागा धरा. ‘४० च्या जागेत ४३ कसा बसेल’ म्हणून उगाच लहान टीव्ही घ्यायची गरज नाही.

पिक्सेलची दाटीही कर्णावरूनच निघते. १०८० × २४०० पिक्सेलची स्क्रीन असेल तर कर्णावर किती पिक्सेल? १०८०² + २४००² चं वर्गमूळ साधारण २६३२. त्याला ६.५ इंचांनी भागलं की इंचाला ४०५ पिक्सेल. त्याच मापाच्या ७२० × १६०० च्या स्क्रीनवर हा आकडा २७० येतो. बारीक अक्षरं कुठे जास्त रेखीव दिसतील, ते या एका आकड्यावरून कळतं.

ॲप आणि गेमच्या आत हाच त्रिकोण

तुम्ही स्क्रीनला बोट लावलं की ॲपला दोन आकडे मिळतात: डावीकडून किती आणि वरून किती. समजा, एक गोल बटण आहे, त्याची त्रिज्या ४० पिक्सेल. तुमचं बोट बटणाच्या केंद्रापासून ३० उजवीकडे आणि ३० खाली पडलं. दोन्ही आकडे ४० पेक्षा कमी, मग बटण दाबलं गेलं का? नाही. ३०² + ३०² = १८००, आणि ४०² = १६००. खरं अंतर म्हणजे कर्ण, आणि तो ४० पेक्षा जास्त आहे. इथे वर्गमूळ काढलेलंच नाही, हेही बघा. ‘कोण मोठं?’ एवढंच ठरवायचं असेल तर वर्गांचीच तुलना पुरते. गेममध्ये सेकंदाला अशा हजारो तुलना कराव्या लागतात, तेव्हा वर्गमूळ वाचवणं फायद्याचं असतं.

गेममधली दुसरी गंमत. खेळाडू एका सेकंदात उजवीकडे १०० आणि वर १०० सरकतो असं ठेवलं, तर तिरकं जाताना तो १४१ ने सरकतो, कारण तो आता कर्णावरून धावतोय. हे सुधारलं नाही तर तिरकं पळणारा खेळाडू सरळ पळणाऱ्यापेक्षा ४१ टक्के वेगवान होतो.

प्रोग्रामिंग शिकत असाल तर ‘हायपॉट’ नावाचं फंक्शन शोधा. सी, पायथन, जावा, जावास्क्रिप्ट, सगळीकडे ते आहे. दोन बाजू द्या, कर्ण मिळतो. हाताने वर्ग करून बेरीज केली तर खूप मोठ्या संख्यांचा वर्ग कॉम्प्युटरच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो, जरी कर्ण स्वतः मर्यादेत असला तरी. हायपॉट ती काळजी घेतं.

कोनावरून बाजू: साईन, कोसाईन, टॅन

ही तीन नावं ऐकून घाबरायचं कारण नाही. ती फक्त भागाकार आहेत:

साईन = समोरची ÷ कर्ण
कोसाईन = लगतची ÷ कर्ण
टॅन = समोरची ÷ लगतची

साईन आणि समोरची, दोन्ही ‘स’ वरून, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं आपोआप जुळतं. आपल्या ३-४-५ त्रिकोणात कोन क चं साईन ३ ÷ ५ = ०.६, कोसाईन ४ ÷ ५ = ०.८ आणि टॅन ३ ÷ ४ = ०.७५. त्रिकोण दहापट मोठा केला तरी हे भागाकार तेच राहतात, म्हणूनच ते कॅल्क्युलेटरमध्ये बसवता येतात. ‘साईन’ या शब्दाचं मूळही आपल्याकडेच जातं. आर्यभटाने वापरलेला ‘ज्या’, म्हणजे धनुष्याची दोरी, हा शब्द अरबीत गेला आणि तिथून लॅटिनमध्ये भाषांतर होताना त्याचं साईन झालं.

फोन किती कललाय हे फोनला याच भागाकारातून कळतं. आतला सेन्सर गुरुत्वाकर्षणाचा किती भाग स्क्रीनच्या दिशेने येतोय ते मोजतो. गुरुत्वाकर्षणाचं ९.८ हे कर्ण धरा. सपाट ठेवलेला फोन एका टोकाकडून उचलल्यावर स्क्रीनच्या लांबीच्या दिशेने ४.९ आलं, तर ४.९ ÷ ९.८ = ०.५. साईन ०.५ म्हणजे ३० अंश. लेव्हल दाखवणारी ॲप्स याच मोजमापावर चालतात.

इमारतीची उंची काढायची असेल तर टॅन. इमारतीपासून २० मीटरवर उभं राहून फोनने वरच्या कडेचा कोन ३५ अंश मोजला. टॅन ३५ साधारण ०.७०, म्हणून २० × ०.७० = १४ मीटर. पण ही उंची तुमच्या डोळ्यांच्या पातळीपासूनची आहे. डोळे जमिनीपासून १.५ मीटरवर असतील तर इमारत १५.५ मीटर. कोन एका अंशाने चुकला तर उत्तर इथे अर्ध्या मीटरने हलतं, तेव्हा कोन दोन-तीनदा मोजा.

कॅल्क्युलेटरवर एक गोष्ट मात्र आधी बघा: तो डिग्रीवर आहे की रेडियनवर. साईन ३० चं उत्तर ०.५ आलं तर डिग्री. −०.९८८ असं काहीतरी आलं तर तो रेडियनवर आहे. पद्धत बरोबर असूनही उत्तर जुळत नसेल तर सगळ्यात आधी हे तपासा.

कोपरा खरंच काटकोनात आहे का?

प्रमेय उलटंही चालतं. तिन्ही बाजू मोजा. सगळ्यात लांब बाजूचा वर्ग उरलेल्या दोघींच्या वर्गांच्या बेरजेएवढा आला, तर कोन ९० चा. जास्त आला तर कोन ९० पेक्षा मोठा, कमी आला तर लहान. गवंडी खोलीचा कोपरा तपासताना हेच करतात: कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण, आणि दोन खुणांमधलं अंतर ५ फूट आलं पाहिजे. जागा मोठी असेल तर ६-८-१० घ्या, मोजमापातली छोटी चूक कमी जाणवते. ५-१२-१३ आणि ८-१५-१७ ही त्रिकुटंही अशीच कामाची.

गुण्यांची दोन मापंही लक्षात असू द्या. ४५-४५-९० मध्ये कर्ण हा बाजूच्या १.४१४ पट. ३०-६०-९० मध्ये ३० अंशांसमोरची बाजू कर्णाच्या निम्मी आणि ६० अंशांसमोरची कर्णाच्या ०.८६६ पट.

हे १.४१४ हातात धरून बघायचं असेल तर एक ए-फोर कागद घ्या. एक कोपरा दुमडून आखूड कड लांब कडेवर आणा. जी तिरकी घडी पडते तो कर्ण, आणि त्याची लांबी कागदाच्या लांब बाजूएवढीच भरते. कागद २१० × २९७ मिलिमीटर असतो आणि २१० × १.४१४ म्हणजे २९७.

स्वतः करून बघा

१. २०:९ चा फोन ६.८ इंचाचा आहे. त्याची रुंदी किती?
२. काटकोन त्रिकोणाचा कर्ण १३ आणि एक बाजू ५. तिसरी बाजू किती?
३. ७, ८, ११ बाजूंचा त्रिकोण काटकोन आहे का?

उत्तरं: १. ६.८ × ०.४१ = साधारण २.८ इंच. २. १६९ − २५ = १४४, म्हणून १२. ३. ४९ + ६४ = ११३ आणि ११² = १२१. १२१ जास्त आहे, म्हणून काटकोन नाही. सगळ्यात मोठा कोन ९० पेक्षा थोडा मोठा आहे.

तीनही जमली असतील तर आता तुमच्याच फोनची उंची आणि रुंदी पट्टीने मोजा, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा आणि बॉक्सवरच्या आकड्याशी ताडून बघा. फक्त काळी कड सोडून चालू स्क्रीनच मोजा, आणि कोपरे गोल असतील तर ते चौकोनी आहेत असं धरा. कंपन्याही तसंच मोजतात.